नेम आणि नियम

नवापुरात हंगामांना तोटा नाही. पावसाळ्यात भाताची लावणी, थंडी सरता सरता तूर, होळीच्या आगेमागे मोहाची फुलं, मग लग्नं, आणि या सगळ्यांच्या फटीफटीतून निवडणुका. कुठल्या हंगामात उधारी द्यायची नाही, कुठल्या हंगामात मजूर मिळणार नाहीत आणि कुठल्या हंगामात पाहुणा टळणार नाही, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. पण 'येत्या हंगामासाठी माझी वैयक्तिक उद्दिष्टं' असा कागद करून तो भिंतीला चिकटवणारा माणूस गावात आजवर झाला नव्हता. तूर काढायला निघालेल्याला यंदाचं उद्दिष्ट काय, असं विचारून पाहा. "तूर काढणं," असं सांगून तो उलट तुमच्याच तब्येतीची चौकशी करेल.

हा कागद आमच्याकडे आला तो भाच्याबरोबर, मे महिन्यात. भाचा पेनसिल्व्हेनियात असतो. तिकडे पानगळीच्या दिवसांत धनुष्यबाणाने हरणं मारण्याचा वेगळा हंगाम असतो. त्याला सरकारी परवाना लागतो, सरकारी तारखा असतात. शेजाऱ्याने त्याला या नादाला लावलं. त्यातही आमचा भाचा परंपरावादी. कप्प्या लावलेलं आधुनिक धनुष्य त्याला चालत नाही. लाकडाचंच हवं आणि नेम उघड्या डोळ्यांनीच धरायला हवा. ज्या घरात वरणभाताच्या मुदीवर तुपाची धार धरण्यापलीकडे कुणी कधी कसलाही नेम धरला नाही, त्या घरातलं हे पोर. कप्पीवाल्या धनुष्याला तो नाकं मुरडायला लागला तेव्हा त्याला सांगावं लागलं, की बाबा रे, 2023 साली बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघं जगज्जेते झाले ते त्याच धनुष्यावर. अदिती तेव्हा 17 वर्षांची होती. ओजसने तर अंतिम लढतीत 150 पैकी 150 गुण काढले. "तो खेळ झाला मामा," भाचा म्हणाला, "ही साधना आहे." साधना म्हटल्यावर आमच्याकडे वाद संपतो.

त्याची यादी मात्र वाचण्याजोगी होती. रोज सकाळी बाण सोडायचेच, मग पाऊस असो की बर्फ. वीस पावलांपलीकडच्या हरणावर बाण टाकायचा नाही. वारा कुठून वाहतो ते पाहिल्याशिवाय मचाणावर चढायचं नाही. मचाणावर मोबाइल बघायचा नाही. वासाचा साबण वापरायचा नाही. आणि शेवटचं कलम : हरण दिसलं नाही, तरी हंगाम यशस्वी झाला असं मानायचं.

सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या मंडळाला हे शेवटचं कलम फार आवडलं. काम सुरू होण्याआधीच यश जाहीर करून टाकण्याची पद्धत आम्ही सरकारी अहवालांत पाहिली होती. ती छंदालाही लागू पडते हे नवीन होतं. "आपणही एक हंगाम करून टाकू," असं कोणीतरी म्हणालं. कोण म्हणालं यावर अजून एकमत नाही, कारण पुढे जे झालं त्याची जबाबदारी घ्यायला कुणी तयार नाही. दसऱ्याचा मुहूर्त ठरला. शस्त्रपूजेला स्कूटर आणि मिक्सर यांच्यापलीकडे मांडायला काही नसणाऱ्या घरांत या वर्षी खरं शस्त्र मांडलं जाणार, याचंच सगळ्यांना अप्रूप.

पहिलं विरजण वकीलसाहेबांनी घातलं. वन्यजीव संरक्षणाचा 1972 चा कायदा त्यांनी चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या समजावला. शिकार म्हणजे नुसतं ठार मारणं नव्हे. पकडणं, सापळा लावणं, हाकून आणणं, आमिष दाखवणं, पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं, हे सगळं कायद्याच्या व्याख्येत शिकार. आणि मारण्या-पकडण्याचा नुसता प्रयत्न हीसुद्धा शिकारच. म्हणजे ज्याचा नेम लागला तो आणि ज्याचा बाण पायाशी पडला तो, दोघे कायद्यापुढे एकाच पंक्तीला. इतक्या उदार मनाने आम्हाला शिकारी म्हणणारा दस्तऐवज जगात दुसरा नसेल. मंडळातले गुरुजी तर क्षणभर हरखलेच.

"काहीतरी मारायची मुभा असेलच ना?" बँकेतून निवृत्त झालेले आमचे भाऊसाहेब म्हणाले. सवलत शोधल्याशिवाय त्यांना कुठलाच नियम पचत नाही. तर अशी मुभा होती. कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत उपद्रवी प्राण्यांची यादी होती, आणि अलीकडे तिच्यात उरले होते उंदीर, घुशी, कावळा आणि फळं खाणारी वटवाघळं. पण 2022 च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली आणि ही दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून अमलातही आली. आमची मर्दुमकी घुशीपर्यंतच पोचणार होती आणि तिथेही आम्हाला उशीर झाला. घरी ही बातमी सांगितली तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "गच्चीवर पापड वाळत घातलेत. कावळे मारू नका, नुसते उडवा. एवढं उद्दिष्ट पुष्कळ आहे."

योगायोग असा, की ज्या 1972 साली आपल्याकडे हा कायदा आला, त्याच साली अमेरिकेत धनुष्यबाणांच्या विक्रीवरचा कर वन्यजीवांच्या कामाला द्यायचं ठरलं. बंदुका आणि काडतुसांवर तो 1937 पासून होताच. तिकडे हरणं इतकी, की लोकांच्या परसातली फुलझाडं खाऊन जातात. मारणाऱ्याने पैसे भरायचे आणि त्या पैशांतून जंगल राखायचं. हा हिशेब शेठना लगेच समजला. आमचे शेठ धान्याचे व्यापारी, घरात कांदालसूणही नाही. "धंदा बरोबर छे," ते म्हणाले, "पण हरणाला विचारलं का?"

भाच्याचे आदर्श पुरुष म्हणजे सॅक्स्टन पोप नावाचे कॅलिफोर्नियातले एक शल्यचिकित्सक. आज अमेरिकेत पारंपरिक धनुष्याने शिकार करणारे सगळे या डॉक्टरांना कुलगुरू मानतात. त्यांनी ही विद्या शिकली ती ईशी नावाच्या माणसाकडून. 'याही' नावाच्या जमातीचा हा शेवटचा माणूस 1911 मध्ये ओरोव्हिल गावाबाहेर उपाशी अवस्थेत सापडला. त्याच्या माणसांची गोऱ्या वसाहतवाल्यांनी आधीच कत्तल केली होती. त्याला विद्यापीठाच्या संग्रहालयात राहायला जागा मिळाली, तिथे तो लोकांना बाण घडवून दाखवायचा. 1916 मध्ये तो क्षयाने गेला. 1923 मध्ये डॉक्टरांचं पुस्तक आलं आणि धनुष्याने शिकार हा सुखवस्तू लोकांचा छंद झाला. भाचा ही गोष्ट फार भारावून सांगतो. गुरुजींनी ऐकून घेतली आणि एवढंच विचारलं, "त्या ईशीने हंगामाची उद्दिष्टं लिहून ठेवली होती का?"

हे आठवायचं कारण, की आमच्यावरही त्या डॉक्टरांसारखीच वेळ आली होती. धनुष्य आणायचं कुठून? ऑनलाइन मागवलं तर ते प्लास्टिकचं आणि बाणाच्या टोकाला रबराचं बूच. शेवटी खांडबाऱ्याच्या बाजूच्या एका पाड्यावर गेलो. तिथे एक म्हातारे दादा आहेत, अजून तिरकामठा करतात. बांबूचा कामठा आणि त्याची दोरीही बांबूच्याच सालीची. एकाच झाडाचा एक भाग वाकतो आणि दुसरा त्याला वाकवून धरतो. अमावस्येच्या आसपास तोडलेल्या बांबूला कीड लागत नाही, असं जाणते सांगतात; दादाही तेच म्हणाले. बाण बोरूचा, टोकाला लोहाराकडून ठोकून आणलेलं पातं, शेपटीला पिसं. काम नसेल तेव्हा दोरी एका टोकाने सोडून ठेवायची, नाहीतर कामठ्याची ताकद जाते.

आम्ही सगळे, भाच्यासकट, वह्या काढून हे लिहून घेत होतो. दादांना ते विचित्र वाटलं असणार.

"मारायचं कोणाला?" त्यांनी विचारलं.

"कोणालाच नाही," वकीलसाहेब घाईने म्हणाले.

"मग?"

गुरुजींनी एकाग्रता, मनःशांती, परंपरेचं जतन असं बरंच सांगितलं. दादांनी सगळं ऐकलं. मग त्यांनी आमच्या पोटांकडे एकवार पाहिलं आणि सांगितलं, "हलका बनवतो."

दादांच्या लहानपणी जंगलात काय होतं हे त्यांनी विचारल्यावरच सांगितलं आणि तेही दोन वाक्यांत. आता तो कामठा लग्नात, नाचात आणि पूजेत निघतो. एरवी आढ्याला टांगलेला असतो. नवापूर तालुक्यातल्या माणसाला वाघ मारण्यापेक्षा वाघदेवाला नारळ वाढवणं जास्त शहाणपणाचं वाटतं आणि ते फार जुन्या काळापासून. उलट शिकारीची हौस बाहेरून आलेल्यांना. 1825 मध्ये भिल्लांची पलटण उभी करायला खानदेशात आलेला जेम्स औट्रम वाघांच्या शिकारीसाठीही गाजला. त्याला चरित्रकार मिळाला. वाट दाखवणाऱ्या भिल्लाचं नावही कुणाला ठाऊक नाही.

तर उद्दिष्टं. दसऱ्याच्या आधी प्रत्येकाने आपापली लिहून आणायची होती.

गुरुजींनी आणलेला कागद म्हणजे अस्सल पाठटाचण होतं. डावीकडे उद्दिष्ट, मधे कृती, उजवीकडे मूल्यमापन. 'साधक बाणाची दिशा व वेग यांतील संबंध सांगू शकेल.' 'साधक लक्ष्य चुकल्यास त्याची तीन कारणे देऊ शकेल.' हे दुसरं उद्दिष्ट त्यांनी नंतर ओलांडून पुढे नेलं. त्यांच्याकडे आता तीनाहून कितीतरी जास्त कारणं आहेत.

भाऊसाहेबांनी वर्षाची चार तिमाह्यांत वाटणी केली. पहिल्या तिमाहीत गोणीला लागणं, दुसरीत गोणीवरच्या गोलाला, तिसरीत आतल्या गोलाला, आणि मार्चअखेर मधला ठिपका. ठेवींचे आकडे मार्चअखेर कसे गाठले जातात याचा त्यांना दांडगा अनुभव. "आकडा गाठता आला नाही, तर गोल मोठा काढायचा," ते सहज म्हणाले, आणि बँकेत जन्म कसा काढला ते सगळ्यांना कळलं.

शेठचं उद्दिष्ट एकाच ओळीचं : माझा बाण कुणालाही लागू नये. माणूस, जनावर, चिमणी, मुंगी, कुणालाही नाही. हंगामाच्या पहिल्याच दिवशी शंभर टक्के यश मिळवणारे ते एकटे. त्यांचा बाण गोदामाच्या पत्र्यावरून जाऊन पलीकडच्या रिकाम्या प्लॉटमध्ये पडला आणि तिथेही कोणी नव्हतं.

माझी यादी मी इथे देत नाही. तिच्यात 'पोट आत' असा एक मुद्दा होता, एवढंच सांगतो.

सरावाची जागा म्हणजे शेठच्या गोदामामागचं मैदान. पोत्यांत भाताचा पेंढा ठासून लक्ष्य केलं. शिकवायला दादांचा नातू आला. तो आश्रमशाळेत शिकतो आणि 'इंडियन राउंड' खेळतो, म्हणजे साध्या देशी धनुष्याने. त्याने पावलं टाकून तीस मीटर मोजले आणि पोतं लावलं. आम्ही पोत्याकडे पाहिलं. पोतं दिसत होतं, असं बहुमताने ठरलं. मग मंडळाच्या विनंतीवरून ते जवळ आणण्यात आलं, मग आणखी जवळ. शेवटी ते इतकं जवळ आलं, की भाऊसाहेब म्हणाले, आता बाण सोडण्याऐवजी नेऊन खोचला तरी चालेल.

मुलाने दोन बोटांनी दोरी ओढून दाखवली. अंगठा लावत नाहीत. एकलव्याने अंगठा दिला म्हणून, असं इकडे सांगतात. यावरून गुरुजींना राहवलं नाही. सरकारने या प्रकरणात फार सुंदर तडजोड केली आहे, ते म्हणाले. आदिवासी मुलांच्या निवासी शाळांना नाव एकलव्याचं, आणि 1985 पासून देशातल्या उत्तम प्रशिक्षकांना पुरस्कार मिळतो तो द्रोणाचार्यांच्या नावाने. फिर्यादी आणि आरोपी दोघांचाही सन्मान एकाच खजिन्यातून. वकीलसाहेबांनी ही केस कोर्टाबाहेर मिटल्याबद्दल समाधान व्यक्त केलं.

बाण सुटताना पाहिलात, तर तो सरळ जात नाही. दोरीचा धक्का बसला की लवतो, कामठ्याला वळसा घालतो, थोडा इकडे थोडा तिकडे करत मग मार्गाला लागतो. निशाण्यावर लागण्यासाठी बाणाला आधी निशाण्याच्या जरा एका बाजूला तोंड करून उभं राहावं लागतं, आपल्याकडच्या उमेदवारासारखं. त्यात बाणाची लवचीकता कामठ्याच्या ताकदीशी जुळली पाहिजे. ताठ बाण एका बाजूला जातो, फार लवणारा दुसऱ्या. दादा बाण बोटांवर तोलून, जरासा वाकवून, बाजूला ठेवत होते : हा याचा, हा त्याचा. त्यांनी हे शास्त्र सांगितलं नाही, नुसती वाटणी केली. भाच्याने अमेरिकेत याच कामासाठी एक मोजणीचं यंत्र घेतलं आहे. त्याची किंमत त्याने दादांपुढे सांगितली नाही, हे त्याच्यावर चांगले संस्कार झाल्याचं लक्षण.

गुरुजींनी मुलाला विचारलं, "तुझं या वर्षाचं ध्येय काय?" त्यांना ऑलिम्पिक अपेक्षित असावं. तशी उदाहरणंही त्यांनी तयार ठेवली होती. उदयपूरकडच्या आदिवासी पाड्यावरचा लिंबाराम, जो लहानपणी बांबूच्या धनुष्याने पाखरं टिपायचा आणि 1988 मध्ये भारताने ऑलिम्पिकला पहिल्यांदा तिरंदाज पाठवले त्या तिघांत होता. आपल्या फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव, जो टोकियोला आणि पॅरिसला खेळून आला. मुलाने शांतपणे ऐकलं आणि सांगितलं, "सर, जिल्ह्याच्या स्पर्धेला बस वेळेवर मिळणं."

तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी ती शिडी. स्पर्धा नंदुरबारला, सकाळी. पाड्यावरून पहिली गाडी चुकली की नाव पुकारून होतं. बाणाचं काय, तो लागतो, असं त्याचं म्हणणं. आमच्या सगळ्या कागदांवर मिळून गाडीचा उल्लेख कुठेच नव्हता. भाऊसाहेबांनी त्या दिवशी आपली स्कूटर देऊ केली. चारही तिमाह्यांत त्यांनी केलेलं तेवढंच काम, पण ते वेळेवर केलं.

भाच्याच्या मनात मात्र एक वेगळीच कल्पना घर करून बसली होती. आमच्या स्टेशनचा फलाट दोन राज्यांत आहे. तिकीट महाराष्ट्रात काढायचं आणि स्टेशनमास्तरला भेटायला गुजरातेत जायचं. मधे एक बाक आहे, त्याचं एक टोक एका राज्यात आणि दुसरं दुसऱ्या. सूचना चार भाषांत होतात, तरी गाडी उशिरा येते ती एकाच भाषेत. तो फलाट सुमारे आठशे मीटर लांब, आणि ऑलिम्पिकला तिरंदाजीचं अंतर असतं सत्तर मीटर. भाच्याचं म्हणणं, एक बाण महाराष्ट्रातून सोडून गुजरातेत लावला की आंतरराज्य विक्रम.

"अन् तो कुणाला लागला तर गुन्हा कुठे?" आम्ही विचारलं.

वकीलसाहेब खुलले. कृती एका ठिकाणी आणि परिणाम दुसऱ्या ठिकाणी झाला, तर दोन्हीकडे खटला चालू शकतो. म्हणजे एका तारखेला नवापुरात आणि दुसऱ्या तारखेला गुजरातेतल्या उच्छलला. त्यात महाराष्ट्रात गुटख्याला बंदी आणि गुजरातेत दारूला, तेव्हा दोन्हीकडच्या पोलिसांच्या झडतीचे विषयही वेगळे. भाच्याने ते उद्दिष्ट कागदावरून खोडलं. रेल्वेचे पोलीस तिसरे, हे तर अजून कुणी बोललंच नव्हतं.

तसं पाहिलं तर नवापूरने एकदा फार मोठी मोहीम पाहिली आहे. फेब्रुवारी 2006 मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू इथल्याच पोल्ट्र्यांत सापडला. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे पोशाख घातलेली माणसं आली आणि लाखो कोंबड्या खड्ड्यात गेल्या. ज्यांच्या पोल्ट्र्या गेल्या ते त्या दिवसांबद्दल अजून हसून बोलत नाहीत. तेव्हा कोंबडी हा विषय आमच्या हंगामातून एकमताने वगळला. लक्ष्यावर कोंबडीचं चित्र काढायची भाच्याची सूचना त्यामुळे फेटाळली गेली आणि पोत्यावर साधे गोल आले.

भाचा जूनमध्ये परत गेला. त्याचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो. दादांनी केलेला कामठा त्याला न्यायचा होता, पण सामानाच्या मापात बसेना. मग तो आमच्या दसऱ्याला उपयोगी पडला. भाच्याचा फोन येतो : मचाणावर बसलोय, मोबाइल बघत नाहीये. हे तो मोबाइलवरून सांगतो.

आमच्या हंगामाची बातमी मात्र फिरत फिरत वनखात्यापर्यंत गेली. गोदामामागे काही माणसं तिरकामठे घेऊन जमतात, असं कोणीतरी सांगितलं असणार. एका सकाळी वनरक्षक मोटारसायकलवरून आले. तरुण पोरगा, वागायला नम्र. वकीलसाहेबांनी मंडळाच्या वतीने सविस्तर निवेदन केलं, गुरुजींनी पाठटाचण दाखवलं, शेठनी चहा मागवला. वनरक्षकांनी टाचण वाचलं, उजवीकडच्या मूल्यमापनाच्या रकान्यापाशी जरा थांबले, मग म्हणाले, "काका, चालू द्या तुमचं. मी बघतो."

ते पोत्यांपाशी उभे राहिले. कुठे उभं राहणं सुरक्षित, असं भाऊसाहेबांनी विचारपूस करून सांगण्याआधीच त्यांनी स्वतः जागा ठरवली : लक्ष्याच्या अगदी पुढ्यात. आम्ही आळीपाळीने बाण सोडले. भाऊसाहेबांचा डावीकडच्या निंबाला लागला. गुरुजींचा दोरीतून निसटून चपलेपाशी पडला आणि त्यांनी कारण दिलं. शेठनी आपलं उद्दिष्ट पुन्हा एकदा पूर्ण केलं. माझा कुठे गेला ते संध्याकाळी कळलं.

वनरक्षकांनी डायरी काढली, काहीतरी लिहिलं, आणि वकीलसाहेबांना बाजूला घेऊन विचारलं, "साहेब, कायद्यात प्रयत्नसुद्धा शिकारच ना?"

"हो," वकीलसाहेब म्हणाले, जरा घाबरून.

"मग हे," त्यांनी मैदानात पसरलेल्या बाणांवरून नजर फिरवली, "प्रयत्न म्हणून कोर्टात टिकेल का?"

वकीलसाहेबांनी मैदान पाहिलं, आम्हाला पाहिलं आणि प्रामाणिकपणे मान हलवली. वनरक्षकांनी डायरी मिटली, चहा घेतला आणि जाताना दादांच्या नातवाकडून कामठा मागून घेऊन एक बाण सोडला. तो पोत्याच्या बरोबर मधे लागला. भाऊसाहेबांनी लगेच तो आपल्या तिसऱ्या तिमाहीत धरला.